पाठचो वारो

आमच्या मालवणच्या घरात माजघरातून स्वयंपाकघरात जाताना डाव्या हाताला एक खिळा आहे. त्यावर दर जानेवारीला नवं कालनिर्णय लागतं, पण जुनं काढत नाहीत, नवं त्याच्यावरच अडकवतात. बाबा गेल्यावर भावाने ती सगळी चळत उतरवली, कारण खिळा भाराने वाकला होता. २००७पासून २०२३पर्यंतची सतरा कॅलेंडरं निघाली. कुठे गॅस सिलिंडर आल्याची खूण, कुठे दुधाचे खाडे, कुठे भरतीची वेळ. आणि मधूनच एखाद्या चौकोनात निळ्या पेनाने लिहिलेलं ‘जा. १५.५५’ किंवा ‘ये. १३.४०’.

वहिनी म्हणाली, “हो दुधाचो हिशोब नाय.”

तो माझा हिशोब होता. ‘जा.’ म्हणजे मी मुंबईहून अमेरिकेला गेले तो दिवस, ‘ये.’ म्हणजे आले तो. पुढचे आकडे विमान हवेत किती होतं त्याचे, टिंबाच्या अलीकडे तास, पलीकडे मिनिटं. माझं नाव कुठेच नाही.

लग्न होऊन मी २००७ साली न्यू जर्सीत एडिसनला गेले. मुंबईहून थेट न्यूयॉर्क-नेवार्कला उडणारी विमानं त्याच सुमारास सुरू झाली होती, म्हणून मध्ये कुठे उतरावं लागलं नाही. पोचल्यावर घरी फोन केला. आमच्याकडे पोचल्यावर विचारायचा प्रश्न ठरलेला आहे, “पावलंस काय गो?” पुण्या-मुंबईकडे फक्त देव पावतो. मालवणीत माणूसही पावतो, एसटीही पावते, मनिऑर्डरही पावते. आईने तो प्रश्न विचारून झाल्यावर बाबांनी फोन घेतला आणि विचारलं, “किती तास लागले?” मी म्हटलं, पावणेसोळा. त्यांनी ते लिहून ठेवलं असेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

दीड वर्षाने पहिल्यांदा घरी आले तेव्हा चौदा तास लागले. बाबांना ते खटकलं. “वाट तीच, इमान तसलाच. मगे येताना कमी कशे?”

मी विज्ञान शिकलेली. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. मी ठोकून दिलं, “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, बाबा, म्हणून.”

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “धरती फिरता तर वारो पन तिच्यावांगडा फिरता मगे. होडयेत उडी मारलंस तर काय दर्यात पडतंस?”

बरोबर होतं. चालत्या होडीत उडी मारली तरी माणूस होडीतच उतरतो, कारण होडीचा वेग त्याच्या अंगात असतो. विमानाचंही तसंच. ते ज्या जमिनीवरून उडतं तिचा वेग घेऊनच उडतं, आणि भोवतीची हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरत असते. पृथ्वी खालून सरकते आणि आपण वर तरंगत राहतो, असं काही होत नाही. सातवी शिकून दर्यावर गेलेल्या माणसाने माझं उत्तर एका वाक्यात बुडवलं होतं. मला खरं कारण शोधावं लागलं.

कारण वारा होता. तोही साधा नाही. जमिनीपासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे लांब पल्ल्याची विमानं जिथून जातात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेच्या नद्या वाहतात. शेकडो किलोमीटर रुंद आणि हजारो किलोमीटर लांब. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, मराठी भूगोलाच्या पुस्तकात स्रोतवायू. विषुववृत्ताकडची हवा गरम आणि ध्रुवाकडची थंड, यातल्या फरकामुळे वरच्या हवेत दाबाचा उतार तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या उताराने निघालेली हवा पूर्वेकडे वळते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण मी सांगितला तसा नाही. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी वाढते, फरक वाढतो, वारा जोर धरतो. ताशी दीड-दोनशे किलोमीटर ही त्याची रोजची गोष्ट. कधी तो तीनशेच्याही पुढे जातो.

हा वारा पद्धतशीर मोजणाऱ्यांतला पहिला माणूस जपानी होता. वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्याची गती टिपली. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६मध्ये एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत छापला. जगाने तो वाचलाच नाही. १९४४मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर खूप उंचावरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांना कळेना की समोरून गेलं तर विमान जागचं हलत का नाही, आणि पाठीमागून गेलं तर नेम धरायच्या आत शहर मागे कसं जातं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांना ओइशींचं विशेष वाटलं नाही. फुगे सोडून वारा मोजायचा, ठीक आहे. त्यांना वेगळीच गोष्ट आठवली. माझे पणजोबा गलबतावर खलाशी होते. पावसाळा सरला की मालवणातून माल भरून मुंबईला जायचे. त्या उघडिपीच्या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो. म्हणजे मुंबईला जाताना तो तोंडावर आणि घराकडे येताना पाठीमागून. जाताना रात्री जमिनीवरून सुटणारी मतलई धरायची, दुपारी वारा उलटा आला की नांगर टाकून पडून राहायचं, नाहीतर तिरकं तिरकं जात वाट काढायची. येताना शीड सोडलं की झालं. बाबा म्हणाले, “आजो सांगी, मुंबैक जावक दिस लागतत, घराक येवक वारो लागता.”

म्हणजे माझ्या विमानाने काही नवीन केलं नव्हतं.

तेव्हापासून तो आमच्या दोघांचा विषय झाला. इतर बाबतीत आम्हाला फोनवर बोलायला फार सुचायचं नाही. तब्येत बरी का, जेवलीस का, मासळी काय होती, एवढ्यावर संपायचं. पण वाऱ्याचं म्हटलं की बाबा दहा मिनिटं बोलायचे. मी विमानात बसले की समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून बसायची आणि आकडे लक्षात ठेवायची. विमानाचा स्वतःचा, हवेतला वेग ताशी नऊशेच्या आसपास असतो. तो फारसा बदलत नाही. बदलतो तो जमिनीवरचा वेग. अटलांटिकवर येताना मी तो एकदा ११४० पाहिला. त्याच जागी जाताना ७६० पाहिला. हातातल्या कपातला चहा दोन्ही वेळी सारखाच स्थिर होता.

बाबांना मी तेही सांगितलं. ते म्हणाले, “पाठसून वारो असलो की कळना नाय. होडी गप असता. शिडात वारो भरलेलो, पन तोंडाक लागना नाय. नवशिको इचारता, वारो खय गेलो?”

लहानपणी मी त्यांच्याबरोबर दांडीच्या किनाऱ्यावरून होडीने गेले आहे, त्यामुळे हे मला आठवतं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना पाणी अंगावर उडतं, केस विस्कटतात, बोललेलं ऐकू येत नाही, आणि आपण फार वेगात आहोत असं वाटतं. वळून परत निघालं की एकदम शांत. ऊन जाणवायला लागतं. होडी थांबली की काय असं वाटतं, आणि वर बघावं तर किल्ला झपाझप मोठा होत असतो.

‘वारा पाहून पाठ द्यावी’ ही म्हण आपण संधिसाधू माणसाबद्दल बोलताना वापरतो. बाबांना त्यात वाईट काय ते कळायचं नाही. वारा पाहून पाठ दिली नाही तर काय करायचं? मालवणचा जुना मासेमार पहाटे मतलईवर बाहेर जायचा आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर परत यायचा. जाताना पाठीमागून, येतानाही पाठीमागून. मात्र त्यासाठी वाऱ्याची वाट बघावी लागते.

विमानंही हेच करतात, पण वाट न बघता. उत्तर अटलांटिकवरून जायचे रस्ते रोज नव्याने आखले जातात. युरोपकडे जाणारे कॅनडातल्या गँडरचं केंद्र आखतं, अमेरिकेकडे येणारे ब्रिटिश आणि आयरिश मंडळींचं शॅनविक. पूर्वेला जाणाऱ्यांना वाऱ्याच्या धारेत घालायचं, पश्चिमेला जाणाऱ्यांना धार चुकवून वरून किंवा खालून न्यायचं. कागदावरची सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत कमी वेळाची वाट या दोन वेगळ्या असतात. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर जवळपास चौदाशे किलोमीटरने वाढून पंधरा हजारांच्या वर गेलं आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला. मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा खूश झाले. “कोनतरी तांडेल हा थयसर,” ते म्हणाले.

फेब्रुवारी २०२०मध्ये सिआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १३००च्या पुढे गेला होता. लोकांनी विचारलं की ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त झाला का. जमिनीवरून पाहिलं तर झाला. पण विमान ज्या हवेत होतं त्या हवेच्या मानाने ते नेहमीसारखंच चाललं होतं. उरलेलं सगळं हवेचं होतं.

कॅलेंडरवरच्या आकड्यांत बाबांनी आणखी एक गोष्ट पकडली. ती मला सुचली नसती. जाताना जितका वेळ जास्त जातो, तितका येताना वाचत नाही. मी म्हटलं, सारखाच असणार, वारा तोच आहे. ते म्हणाले, खाडीत वल्हवून बघ.

मी कागद घेऊन बसले. साडेबारा हजार किलोमीटर, वेग ताशी ९००, वारा नाही असं धरलं तर १३ तास ५३ मिनिटं. पाठीमागून सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरला तर वेग हजार, वेळ साडेबारा तास. १ तास २३ मिनिटं वाचली. तोच वारा समोरून धरला तर वेग ८००, वेळ १५ तास ३७ मिनिटं. १ तास ४४ मिनिटं जास्त गेली. दोन्ही मिळून एकवीस मिनिटांची खोट. कारण सोपं आहे. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो, म्हणून तो जास्त वेळ खातो. पाठचा वारा आपल्याला इतक्या लवकर पोचवतो की त्याचा फायदा घ्यायला वेळच उरत नाही.

रेडिंग विद्यापीठातल्या पॉल विल्यम्स यांनी २०१६मध्ये हाच हिशोब पुढच्या काळासाठी मांडला. हवामान बदलामुळे अटलांटिकवरची वाऱ्याची धार तीव्र झाली तर युरोपला जाणारी विमानं लवकर पोचतील, परतणारी उशिरा, आणि जाऊन-येऊन एकूण वेळ वाढेल. म्हणजे आमच्या कॅलेंडरावरची ती एकवीस मिनिटं वाढतच जाणार.

पावसाळ्यातले आकडे वेगळे होते. जुलैमध्ये मी दोनदा आले-गेले, तेव्हा ‘जा.’ आणि ‘ये.’मधला फरक कमी दिसतो. उन्हाळ्यात उत्तरेकडची धार मंदावते. शिवाय आपल्याकडे एक गंमत होते. खाली मालवणात नैर्ऋत्येचा वारा नारळ वाकवत असतो, दर्या बंद असतो, आणि त्याच वेळी सुमारे चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर वारा बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. हा पूर्वेकडचा स्रोतवायू १९५०च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने उजेडात आणला. तो पंधरा अंश उत्तरेच्या आसपास वाहतो, म्हणजे जवळजवळ आमच्या डोक्यावरूनच. त्याची खालची कड विमानांच्या उंचीपर्यंत येते. जुलैमध्ये मुंबई सोडून अरबी समुद्रावर आलं की पहिले काही तास पश्चिमेला जाणाऱ्यालाही पाठीमागून थोडा धक्का मिळतो. बाबांना याचं फार आश्चर्य वाटलं. आयुष्यभर ज्या पावसाळी वाऱ्याखाली होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या, त्याच्यावर दुसरा, उलट्या तोंडाचा वारा आहे हे त्यांना सत्तरीत कळलं. त्यानंतर पावसात पडवीत बसले की ते वर बघायचे, असं आई सांगायची. ढगांशिवाय काही दिसायचं नाही.

२०२०च्या कॅलेंडरवर जानेवारीत एक ‘जा.’ आहे. १६.१०. त्यानंतर पुढचा आकडा २०२१च्या डिसेंबरातला.

मार्च २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली. मेपासून परत आणणारी खास विमानं सुरू झाली, त्यांची यादी असायची. आई जूनमध्ये गेली. तिला करोना झाला नव्हता, हृदय थांबलं. पाऊस नुकताच लागला होता. मी नाव नोंदवलं, पण माझा नंबर लागला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. भावाने फोन धरला होता. चित्र मध्येच अडकत होतं आणि पावसाच्या आवाजात भटजींचे शब्द ऐकू येत नव्हते. वारा होता, वाट नव्हती. त्या जूनच्या पानावर बाबांनी काहीच लिहिलेलं नाही. गॅसची खूणसुद्धा नाही.

त्यानंतर बाबांनी एकदाच विचारलं, “तू आसतंस तर किती तासांत पावलं असतंस?” मी म्हटलं, जून आहे, पाठचा वारा कमी, चौदा-सव्वाचौदा. त्यांनी “हं” केलं. तो आकडा त्यांनी लिहिला नाही, कारण तो झालेला नव्हता.

फेब्रुवारी २०२३मध्ये भावाचा फोन आला. बाबांना दोन दिवसांपासून दम लागत होता. डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना बोलवा. बाबांनी दवाखान्यात राहायला नकार दिला होता. मी दुसऱ्या रात्री नेवार्कहून निघाले.

तो वारा मी विसरणार नाही. उडाल्यावर तासाभरात स्क्रीनवर ११०० आलं, मग ११५०. आयर्लंड ठरल्यापेक्षा कितीतरी आधी आलं. हिवाळ्यात इराणपासून उत्तर भारतापर्यंत आणखी एक धार असते, तीही मिळाली. मुंबई दीडेक तासावर असताना वैमानिकाने सांगितलं, आपण सुमारे पन्नास मिनिटं आधी पोचत आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशोब मांडला. रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी सीएसएमटीहून कोकणकन्या सुटते. भावाने धाडस करून ठाण्याहून चढायचं तिकीट काढून ठेवलं होतं. विमान वेळेवर आलं असतं तर ती मिळाली नसती, दुसऱ्या दिवशी सकाळी मोप्याच्या विमानतळावर उतरून दुपारी घरी जावं लागलं असतं. पन्नास मिनिटं म्हणजे गाडी नक्की.

मग विमान समुद्रावर वळलं. आणि पुन्हा वळलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सहसा वापरता येत नाहीत. एकाच पट्टीवर रात्रीची सगळी गर्दी उतरवायची असते. जो लवकर येतो त्याच्यासाठी जागा राखलेली नसते, त्याची जागा त्याच्या ठरलेल्या वेळेला. वीस मिनिटं आम्ही फेऱ्या मारत होतो. उतरल्यावर विमान लावायची जागा रिकामी नव्हती म्हणून पाव तासावर बाहेर उभे राहिलो. दार उघडलं तेव्हा पन्नासातली दहा मिनिटं शिल्लक होती.

त्या वेळात मला पणजोबांचं गलबत आठवलं. मालवणचं बंदर खडकांचं आहे. पाण्याखाली कुठे काय दडलंय ते तिथल्या माणसालाच माहीत. सिंधुदुर्ग १६६४मध्ये तिथे बांधायला घेतला त्यामागे हेही एक कारण होतंच. पाठच्या वाऱ्यावर गलबत लवकर आलं आणि रात्र असली तर घरातले दिवे दिसत असूनही बाहेर नांगर टाकून पहाट व्हायची वाट बघावी लागे. घाई करणारे खडकावर गेले. बाबा म्हणायचे, वारो बंदराच्या तोंडापर्यंत हाडता, आत हाडना नाय.

पासपोर्टच्या रांगेत माझ्या पुढे आखाती देशांतून आलेली दोन विमानं भरून माणसं होती. बाहेर पडायला पावणेअकरा झाले. टॅक्सीवाल्याला मी फक्त गाडीची वेळ सांगितली, बाकी काही नाही. त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि नंतर बोललाच नाही. ठाण्याला जिना चढून पलीकडे उतरले तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती.

कुडाळला भाऊ उभा होता. मालवणात शिरताना नऊ वाजत होते. बाबा उशीला टेकून बसलेले होते, डोळे मिटलेले. मी जवळ बसले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, “पावलंस?”

“पावलंय.”

श्वास घ्यायला त्यांना वेळ लागला. “किती तास?”

“तेरा तास बावीस मिनिटां.”

“पाठसून होतो मां?”

“होय. फेऱ्ये मारूक लावले मुंबैक. नायतर तेराच.”

त्यांनी मान हलवली. फेऱ्यांचं त्यांना पटलेलं दिसलं. मग त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. मी पेन शोधलं आणि त्या दिवशीच्या चौकोनात लिहायला गेले, तर ते नको म्हणाले. उतरले तो दिवस कालचा होता. मी कालच्या चौकोनात लिहिलं, ‘ये. १३.२२’. सतरा वर्षांच्या आकड्यांत एवढा एकच माझ्या अक्षरातला आहे. येतानाचा सर्वांत कमीही तोच.

बारा वाजेपर्यंत ते अधूनमधून बोलत होते. आईबद्दल दोन वाक्यं बोलले, होडीच्या कागदांबद्दल भावाशी बोलले, मला म्हणाले की दमली असशील, नीज जरा. त्यानंतर झोप लागली ती नीट उतरली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. भाऊ म्हणाला ओहोटी होती. मी कॅलेंडरवर तिथी पाहून पाऊणपट केली, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ निघते. त्याचं बरोबर होतं.

दुपारी आले असते तर ते तीन तास मला मिळाले नसते, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. ते वाऱ्याने दिले असं मी बरेच दिवस म्हणत होते. पण वाऱ्याचे पन्नास तर मुंबईवरच संपले होते. उरलेल्या दहांत तिकीट काढून ठेवणारा भाऊ होता, न बोललेला टॅक्सीवाला होता, आणि दवाखाना नको म्हणून घरात टेकून बसलेले बाबा होते. आणि त्याआधीची सोळा-सतरा वर्षं तर मी हिशोबात धरलीच नव्हती. मी तिकडे नोकरी केली, घर घेतलं, मुलगी वाढवली, आणि माझा वेग मला नेहमी स्वतःचा वाटला. इथे आईला डॉक्टरकडे नेणारा, छपराची कौलं बदलणारा, होडी विकायचं ठरवून ते मला फोनवर न सांगणारा भाऊ मला कधी तोंडावर लागला नाही. विमानातल्या कपातल्या चहासारखं सगळं स्थिर होतं.

हे त्याला सांगायचा एकदा प्रयत्न केला. तो म्हणाला, “खुळा काय तरी बोला नको. चाय घी.”

तेरावं झाल्यावर मी निघाले. जाताना वारा तोंडावर होता, विमान उत्तरेकडून लांबून नेलं तरीही. काही वेळ स्क्रीनवर ७४०च होतं. मी नकाशा बंद केला नाही. एडिसनला घरात शिरले तेव्हा फोन वाजत होता.

“पावलंस काय?” भावाने विचारलं.

“पावलंय.”

तो पुढचं काही विचारणार नाही हे मला माहीत होतं. त्याला वाऱ्यात कधी रस नव्हता. तो ट्रॉलर बघतच मोठा झाला. मुलगी माझ्या बॅगेतून खाजा शोधत होती. मी म्हटलं, “सोळा तास पाच मिनिटां.”

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “थांब, पेन घेतंय.”